पाठवणाऱ्याचा पत्ता

आंतर्देशीय पत्रावर दोन पत्ते असतात. घेणाऱ्याचा पत्ता चुकला तर पत्र पोचत नाही. पाठवणाऱ्याच्या जागी मात्र कुणी ‘जिल्हाधिकारी, सातारा’ असे लिहिले तरी पत्र बिनबोभाट घरी येते, कारण ते पोचवायला त्या ओळीची गरजच नसते. फोनचेही नेमके असेच आहे. सहावी-सातवीच्या मुलांना हे चटकन कळते. मोठ्यांना बरेचदा बँकेतले पैसे गेल्यावर कळते!

सुरुवातीला असे नव्हते. अमेरिकेत न्यू हेवन येथे १८७८ साली २१ ग्राहकांचे पहिले व्यापारी टेलिफोन केंद्र सुरू झाले, आपल्या मुंबईत १८८२ च्या जानेवारीत. ही केंद्रे माणसे चालवत. प्रत्येक ग्राहकाची तार एका मोठ्या फळ्यावर येऊन थांबे. ग्राहकाने ‘अमक्याशी जोडून द्या’ म्हणायचे आणि ऑपरेटरने जोडायचे. हाक कोणत्या तारेवरून आली हे त्याला समोरच दिसे. फोन कोणाचा हे सांगणारे यंत्र नव्हते, पण सांगू शकणारा माणूस होता.

हा माणूस मधून काढून टाकला आल्मन स्ट्राउजर याने. कॅन्सस सिटीत त्याचा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा धंदा होता. गोष्ट अशी सांगतात, की प्रतिस्पर्ध्याची बायको टेलिफोन केंद्रात कामाला होती आणि स्ट्राउजरची गिऱ्हाइके ती नवऱ्याकडे जोडून देई. गोष्ट खरी असो वा नसो, १८९१ मध्ये त्याने स्वयंचलित जोडणीचे पेटंट मिळवले आणि पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातील ला पोर्ट गावी तसे केंद्र सुरूही झाले. या पद्धतीच्या केंद्रांत ग्राहकाने पाठवलेल्या आकड्यांप्रमाणे स्विचचा दांडा तितकी घरे वर चढे, मग आडवा फिरे. अशा पायऱ्यांनी हवी ती तार सापडे. कुठे जायचे तेवढे यंत्राला कळे. कुठून आलो याची नोंद ठेवण्याचे त्याला कारणच नव्हते.

त्यामुळे धमकीच्या फोनचा माग काढणे हे मोठे कष्टाचे काम झाले. तंत्रज्ञ या स्विचवरून मागच्या स्विचकडे, या केंद्रातून आधीच्या केंद्राकडे असे उलटे जात, तेही जोडणी टिकून आहे तोवरच. जुन्या चित्रपटांत पोलीस ‘त्याला बोलण्यात गुंतवून ठेवा’ असे सांगतात ते उगाच नव्हे.

पुढे संगणक आले. कोण कोणाला फोन करतो आहे ही माहिती केंद्रे एकमेकांना बोलण्याच्या मार्गाने न पाठवता वेगळ्या मार्गाने पाठवू लागली. या पद्धतीचे आंतरराष्ट्रीय मानक १९८० मध्ये ठरले. १९८७ पासून अमेरिकेत न्यू जर्सीतील ग्राहकांना फोन करणाऱ्याचा क्रमांक घरी दिसू लागला. पहिल्या आणि दुसऱ्या घंटेच्या मधल्या शांततेत तो पाठवला जाई. लोकांना वाटले, ओळखणारा माणूस परत आला.

तो परत आला नव्हता. पाठवणारे केंद्र जो क्रमांक सांगेल तोच घेणारे केंद्र दाखवत असे. मोजक्या, एकमेकांना ओळखणाऱ्या कंपन्या होत्या तोवर या विश्वासाने बिघडले नाही. इंटरनेटवरून फोन होऊ लागल्यावर कोणाचाही संगणक ‘केंद्र’ होऊ शकला, आणि पाठवणाऱ्याचा क्रमांक म्हणजे नुसती टंकलेली ओळ झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारताच्या दूरसंचार विभागाने परदेशातून येणारे पण भारतीय क्रमांक दाखवणारे बनावट कॉल अडवणारी यंत्रणा सुरू केली. पहिल्या २४ तासांत असे सुमारे १.३५ कोटी कॉल सापडले!

अमेरिकेने टपालाच्या शिक्क्यासारखा उपाय केला. ३० जून २०२१ पासून मोठ्या कंपन्यांना इंटरनेट पद्धतीच्या जाळ्यातील कॉलवर डिजिटल सही करणे बंधनकारक झाले. पण शिक्का क्रमांकाविषयी सांगतो, माणसाविषयी नाही. भामट्याने रीतसर घेतलेल्या क्रमांकावरही तो बसतोच. ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे’ असे धमकावून ज्यांना लुटले, त्यांत सुशिक्षित, निवृत्त माणसे कमी नाहीत. अशी अटक आपल्या कायद्यात नाही.

मग करायचे काय? पत्राचा दुसरा पत्ता आठवा. फोन ठेवून पासबुकावर छापलेला क्रमांक आपण स्वतः लावला, तर जाळे तो कॉल क्रमांकाच्या नोंदलेल्या धन्याकडेच नेते. येणारा क्रमांक ही नुसती माहिती, लावलेला क्रमांक हा मार्ग. अर्थात समोरच्याने सांगितलेला क्रमांक लावून उपयोग नाही. पैसे गेलेच असतील तर १९३० वर लगेच कळवावे.

ब्रिटनमध्ये मात्र भामट्यांनी यातूनही वाट काढली. तिथे लँडलाइनवर फोन करणाऱ्याने रिसीव्हर खाली ठेवला नाही तर जोडणी काही काळ टिकून राही. भामटा म्हणे, ‘खात्री करायची तर ठेवा फोन आणि बँकेला लावा.’ माणूस बँकेचा क्रमांक लावी, आणि त्याच तारेवर थांबलेला भामटा ‘नमस्कार, बँक’ म्हणे. म्हणून तिथले पोलीस सांगत, की दुसऱ्या फोनवरून लावा. दुसरा नसेल, तर आधी ज्याचा आवाज ओळखता अशा एखाद्या मित्राला लावून पाहा.