पुराव्याचे ओझे : युरोपच्या सामाईक बाजारपेठेतील ग्राहक, अन्न आणि पर्यावरण

दिनांक २५ मार्च १९५७ रोजी रोम येथे फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स व लक्झेंबर्ग या सहा राष्ट्रांनी युरोपीय आर्थिक समुदायाच्या करारावर सह्या केल्या. दोन महायुद्धांत होरपळलेल्या खंडाने जकातीच्या भिंती पाडून एकत्र येण्याचा निर्धार केला होता. हेतू उदात्त होता. परंतु या करारात ‘पर्यावरण’ हा शब्द कोठेही आढळत नाही. ग्राहकाचा उल्लेख आहे, तोही शेतमालाच्या किमती आणि उद्योगांमधील स्पर्धा यांच्या ओघात, मोजक्या ठिकाणी. माल मुक्तपणे फिरू लागला की ग्राहकाचे भले आपोआप होईल, असा त्या पिढीचा विश्वास होता.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध विक्रीस आले. ते निर्धोक असल्याची जाहिरात झाली आणि गरोदर स्त्रियांनीही ते घेतले. जगात सुमारे दहा हजार बालके हातापायांच्या गंभीर व्यंगांसह जन्मास आली, तेव्हा कोठे, नोव्हेंबर १९६१ मध्ये, हे औषध जर्मन बाजारातून मागे घेण्यात आले. तोवर ते घातक असल्याचा पुरावा मातांच्या कुशीतच घडत होता.

माल निर्धोक आहे हे विकणाऱ्याने सिद्ध करावयाचे, की तो घातक आहे हे सोसणाऱ्याने? युरोपच्या सामाईक बाजारपेठेचा इतिहास अनेक अंगांनी लिहिता येईल. प्रस्तुत लेखात तो या एकाच प्रश्नाच्या अनुषंगाने पाहावयाचा आहे. पुराव्याचे ओझे सोसणाऱ्याच्या खांद्यावरून उतरून विकणाऱ्याच्या खांद्यावर कसकसे गेले, याचाच तो इतिहास आहे. पहिले पाऊल औषधांच्या बाबतीत पडले. सरकारी परवान्यावाचून कोणतेही औषध बाजारात येऊ नये, असा निर्देश समुदायाने १९६५ साली काढला. अन्न, रसायने व इतर वस्तू यांच्या बाबतीत मात्र वाट फार लांबची ठरली.

मद्य, बिअर आणि रिकाम्या बाटल्या

रोम कराराच्या ३० व्या कलमाने आयातीवरील संख्यात्मक बंधने आणि तत्सम परिणाम करणारे सर्व उपाय निषिद्ध ठरविले. ३६ व्या कलमाने आरोग्यादी कारणांसाठी अपवाद ठेवले. राष्ट्राराष्ट्रांचे कायदे एकसारखे करावयाचे तर सर्व सरकारांचे एकमत आवश्यक होते, त्यामुळे चॉकलेट, मध, जॅम अशा एकेका पदार्थाची व्याख्या ठरविण्यातच सत्तरचे दशक सरले. तेव्हा ही कोंडी न्यायालयाने फोडली.

‘कासिस द दिजाँ’ हे फ्रान्समधील गोड फळमद्य. त्यात मद्यार्काचे प्रमाण १५ ते २० टक्के असे. जर्मन कायद्यानुसार अशा मद्यात किमान २५ टक्के मद्यार्क हवा होता, म्हणून आयातीस नकार मिळाला. सौम्य मद्याने लोकांना सहज चटक लागेल, अशी कारणमीमांसा जर्मन सरकारने केली! दिनांक २० फेब्रुवारी १९७९ रोजी लक्झेंबर्ग येथील युरोपीय न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. एका सदस्य राष्ट्रात कायदेशीरपणे तयार होऊन विकला जाणारा माल दुसऱ्या राष्ट्राने सबळ कारणावाचून अडवू नये, हे तत्त्व तेथे प्रस्थापित झाले. ते सबळ कारण कोणते, हेही न्यायालयाने सांगितले. सार्वजनिक आरोग्य आणि ग्राहकाचे रक्षण यांचा त्यात समावेश होता.

याच न्यायाने १९८७ साली जर्मन बिअरचा प्रसिद्ध शुद्धता नियम आयात बिअरपुरता निष्प्रभ झाला. १५१६ साली बव्हेरियात उगम पावलेली ही परंपरा जर्मनांना प्राणप्रिय होती. परंतु इतर देशांत मान्य असलेल्या सर्वच मिश्रकांवर सरसकट बंदी घालणे अवाजवी आहे, ग्राहकाला लेबलावर माहिती द्या आणि निवड त्याच्यावर सोपवा, असे न्यायालयाने म्हटले.

येथे एक शंका कोणाच्याही मनात यावी. कमी कडक कायद्याच्या देशातील माल सर्वत्र मुक्तपणे फिरणार असेल, तर कडक कायदा करणारे राष्ट्र आपल्याच उद्योगांचे नुकसान करून घेते. मग सर्वांनीच हळूहळू खालच्या पायरीवर उतरावयाचे काय?

या शंकेचे पहिले उत्तर डेन्मार्कच्या बाटल्यांनी दिले. बिअर व शीतपेये परत घेता येतील अशाच बाटल्यांत विकावीत, बाटलीवर अनामत घ्यावी आणि रिकामी बाटली परत घेण्याची व्यवस्था असावी, असा त्या देशाचा नियम होता. दूर देशातून माल आणणाऱ्यास तो जाचक वाटे. आयोग न्यायालयात गेला. दिनांक २० सप्टेंबर १९८८ रोजी निकाल लागला. संमती नसलेल्या प्रकारच्या बाटल्यांवर वर्षाला ३,००० हेक्टोलिटरची मर्यादा न्यायालयाने रद्द केली, परंतु अनामत व परतीची व्यवस्था ग्राह्य धरली. पर्यावरणाचे रक्षण हेही मुक्त व्यापाराला मर्यादा घालण्याइतके सबळ कारण आहे, हे त्या दिवशी प्रथम मान्य झाले.

करारातील एक वाक्य

दरम्यान १९८५ साली जाक दलोर आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९९२ च्या अखेरीपर्यंत अंतर्गत सीमांवाचून एकल बाजारपेठ उभी करण्याचा कार्यक्रम आखला गेला. त्यासाठी ‘एकल युरोपीय कायदा’ हा नवा करार १९८६ च्या फेब्रुवारीत झाला व १ जुलै १९८७ पासून अमलात आला. बाजारपेठेविषयीचे बहुतेक नियम आता एकमताऐवजी विशिष्ट बहुमताने होणार होते. आपल्या मनाविरुद्ध कमी कडक नियम लादला जाईल, अशी भीती कडक कायद्याच्या राष्ट्रांना वाटू लागली. डेन्मार्कच्या संसदेने तर हा करार फेटाळला. पुढे २७ फेब्रुवारी १९८६ च्या सार्वमतात सुमारे ५६ टक्के मतदारांनी तो स्वीकारला.

या भीतीपोटीच करारात कलम १००-अ ची दोन उपकलमे आली. तिसऱ्या उपकलमाने आरोग्य, सुरक्षितता, पर्यावरण व ग्राहक यांच्या संबंधीचे प्रस्ताव मांडताना ‘उच्च पातळीचे संरक्षण’ पायाभूत धरण्याचे बंधन आयोगावर घातले. चौथ्याने, बहुमतात हरलेल्या राष्ट्राला आपला अधिक कडक नियम कायम ठेवण्याची मुभा दिली. जर्मनीने पेंटाक्लोरोफिनॉल या लाकूडरक्षक विषारी रसायनावरील आपली कडक बंदी याच कलमाच्या आधारे टिकविली.

हे एक वाक्य लहान दिसले, तरी बाजारपेठेची दिशा बदलण्याचे सामर्थ्य त्यात होते. १९९२ च्या मास्ट्रिख्ट कराराने ग्राहकसंरक्षणाला स्वतंत्र प्रकरण दिले आणि पर्यावरणाच्या प्रकरणात सावधगिरीचे तत्त्व समाविष्ट केले. १९९७ च्या ॲमस्टरडॅम कराराने उच्च पातळीचे बंधन आयोगापुरते न ठेवता संसद व मंत्रिपरिषद यांच्यापर्यंत विस्तारले.

सदोष मालाच्या जबाबदारीचा १९८५ चा निर्देशही याच काळातला. तोवर अनेक देशांत, कारखानदाराने हयगय केली हे अपघातग्रस्त ग्राहकास सिद्ध करावे लागे. कारखान्याच्या भिंतीआड काय घडले हे बाहेरच्या माणसाने कसे सांगावे? या निर्देशाने ते ओझे उतरविले. माल सदोष होता आणि त्याने इजा झाली एवढे दाखविले की पुरे. हयगय सिद्ध करण्याची गरज उरली नाही. मात्र त्यातून प्रक्रिया न झालेला शेतमाल वगळण्याची मोकळीक राष्ट्रांना होती. ही फट किती महाग पडणार होती, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही.

गुरांचा रोग, माणसांचा मृत्यू

नोव्हेंबर १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये गुरांच्या मेंदूची चाळण करणाऱ्या एका नव्या रोगाचे निदान झाले. रवंथ करणाऱ्या, गवतावर जगणाऱ्या जनावराला मृत जनावरांच्या मांसाचे व हाडांचे पीठ खाऊ घातले जात होते. स्वस्त प्रथिनांच्या हव्यासातून रोग पसरला. जुलै १९८८ मध्ये ब्रिटनने गुरांना असे खाद्य देण्यावर बंदी घातली, परंतु ते पीठ इतर देशांना विकणे चालूच राहिले. १९९० साली ब्रिटनच्या कृषिमंत्र्यांनी कॅमेऱ्यांसमोर आपल्या लहान मुलीला गोमांसाचा बर्गर देऊ केला. मांस घातक असल्याचा पुरावा नाही, एवढाच त्या देखाव्याचा अर्थ होता. पुरावा नसणे आणि धोका नसणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तेथे विसरले गेले.

दिनांक २० मार्च १९९६ रोजी आरोग्यमंत्री स्टीफन डॉरेल यांनी संसदेत सांगितले की, तरुणांत आढळलेल्या एका नव्या प्राणघातक मेंदूविकाराचा संबंध या रोगाशी असण्याची दाट शक्यता आहे. सात दिवसांत युरोपीय आयोगाने ब्रिटिश गोमांसाच्या निर्यातीवर बंदी घातली. कालांतराने ब्रिटनमध्ये १ लाख ८० हजारांहून अधिक गुरांत हा रोग निश्चित झाला आणि १७० हून अधिक माणसे त्या विकाराने दगावली.

ब्रिटनने बंदीला न्यायालयात आव्हान दिले. ५ मे १९९८ च्या निकालाचा आशय असा की, मानवी आरोग्याला धोका आहे की नाही याविषयी अनिश्चितता असताना, तो धोका पूर्णपणे सिद्ध होईपर्यंत वाट न पाहता संरक्षक उपाय योजता येतात. थॅलिडोमाइडच्या मातांना जे मिळाले नव्हते, ते येथे शब्दांत उतरले.

युरोपीय संसदेच्या चौकशी समितीने १९९७ च्या आरंभी आयोगावरही कठोर ठपका ठेवला. लोकांच्या आरोग्यापेक्षा गोमांसाच्या बाजाराची चिंता अधिक वाहिली गेली, हे त्याचे सार. त्यानंतर वैज्ञानिक समित्या उद्योग व शेती खात्यांकडून काढून ग्राहक खात्याकडे सोपविण्यात आल्या. विकणाऱ्याची काळजी वाहणारा आणि तपासणारा एकच नसावा, हा धडा होता. १९९९ साली सदोष मालाच्या निर्देशातील शेतमालाची सवलतही रद्द झाली. त्याच वर्षी बेल्जियममध्ये कोंबड्यांच्या खाद्यात डायॉक्सिन हे विष आढळले. दोन मंत्र्यांनी राजीनामे दिले आणि जूनच्या निवडणुकीत सरकारही गेले.

नवी घडी

या आघातांतून २८ जानेवारी २००२ चे सर्वसाधारण अन्नकायद्याचे नियमन जन्मास आले. अन्न सुरक्षित असण्याची पहिली जबाबदारी ते बनविणाऱ्या व विकणाऱ्या व्यावसायिकाची, असे त्याने ठरविले. माल कोणाकडून आला व कोणाला दिला, याची नोंद प्रत्येकाने ठेवावयाची. धोक्याचे मूल्यमापन करणारे स्वतंत्र अन्नसुरक्षा प्राधिकरण स्थापन झाले; त्याचे ठाणे पुढे इटलीतील पार्मा येथे गेले. फसवणूक तरीही संपली नाही. २०१३ साली गोमांस म्हणून घोड्याचे मांस विकले गेल्याचे उघड झाले. नोंदवह्यांना खोट्या माणसाला खरा करता येत नाही, पण त्याचा माग मात्र त्यांच्यामुळे काढता येतो.

रसायनांच्या बाबतीत हीच क्रांती २००६ च्या ‘रीच’ नियमनाने केली. १९८१ पूर्वीपासून बाजारात असलेली एक लाखाहून अधिक रसायने पुरेशा तपासणीवाचून वापरात होती. ‘माहिती नाही, तर बाजारही नाही’ हे रीचचे सूत्र झाले. रसायन बनविणाऱ्याने व आयात करणाऱ्यानेच त्याच्या गुणदोषांची माहिती हेलसिंकी येथील संस्थेकडे द्यावयाची.

नाशिकच्या बागेपर्यंत

ही बाजारपेठ आता आपल्या दारापर्यंत येऊन पोहोचली आहे. २००३ साली भारतीय द्राक्षांच्या काही मालात नेदरलँड्स येथे कीटकनाशकांचे अवशेष आढळले. त्यानंतर ‘अपेडा’ने निर्यातीच्या द्राक्षांसाठी तपासणीची योजना आखली आणि २००६ पासून ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था सुरू झाली. प्रत्येक बागेची नोंदणी, फवारणीची वही, प्रयोगशाळेत नमुन्याची तपासणी, असा शिस्तीचा पाठ नाशिक-सांगलीच्या बागायतदारांनी गिरविला, आणि तो उत्तम गिरविला.

तरीही २०१० साली वेलीची वाढ रोखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वॅट क्लोराइडचे, म्हणजे बागायतदारांच्या तोंडच्या ‘लिहोसिन’चे, अवशेष युरोपात सापडले आणि माल नाकारला गेला. बागायतदार हवालदिल झाले. पुराव्याचे ओझे विकणाऱ्यावर गेले हे न्याय्यच झाले. परंतु विक्रीची साखळी लांब असते. तिच्या एका टोकाला महाकाय दुकानसाखळ्या असतात आणि दुसऱ्या टोकाला कर्जाऊ बाग असलेला शेतकरी. ओझे खाली घरंगळत शेवटी त्याच्याच पाठीवर येऊन पडते.

दुसरी विसंगती याहून गंभीर आहे. युरोपात जी कीटकनाशके वापरण्यास मनाई आहे, त्यांतील काही तेथेच तयार होऊन इतर देशांना विकली गेली आहेत. फ्रान्सने २०१८ च्या कायद्यान्वये असे उत्पादन व निर्यात २०२२ पासून थांबविण्याचे ठरविले, आणि आयोगानेही २०२० साली या प्रश्नाला हात घालण्याचे आश्वासन दिले. आपल्या ताटात नको असलेले विष दुसऱ्याच्या शेतात पाठविणारा कायदा निम्माच न्याय करतो.

आपणही आत्मपरीक्षण करावयास हवे. युरोपच्या ग्राहकासाठी आपण बागेची नोंद ठेवली, नमुने तपासले, माल परतही घेतला. निर्यातीसाठीची ती काटेकोर व्यवस्था आपल्या गावच्या बाजारात येणाऱ्या घडाला मात्र लागू नाही. युरोपात हे संरक्षण कोणी दान म्हणून दिले नाही. एका लहान राष्ट्राचा हट्ट, न्यायाधीशांचा विवेक, संसदेची चौकशी आणि मृतांच्या आप्तांचा आक्रोश यांतून ते एकेका कलमाने आले. तेथे चाळीस-पन्नास वर्षांत आणि इतक्या जिवांच्या मोलाने जे शिकले गेले, ते आपण त्याच मोलाने पुन्हा विकत घेण्याचे कारण नाही. नाशिकच्या बागेत आज जी वही लिहिली जाते, तिच्या एका पानावर आपल्या गावच्या मुलाचेही नाव असले पाहिजे.