घडून गेलेल्या गुन्ह्याचा 'स्पॉयलर' असतो का? 'मानवत मर्डर्स'पासून अक्कू यादवपर्यंत, पडद्यावर खरं किती आणि रचलेलं किती

पारशिवनीहून नागपूरला निघालेल्या एसटीत हा प्रसंग कुठल्याही दिवशी घडू शकतो. एक पोरगा कानात हेडफोन घालून मोबाईलवर सिरीज बघतोय. शेजारचा मित्र तीच सिरीज रात्रीच संपवून आलाय. तो तोंड उघडणार एवढ्यात पहिला ओरडतो, "ए, शेवट सांगू नको बे, तीन एपिसोड बाकी आहेत माहे!" आणि मागच्या सीटवरचे पंचाहत्तरीचे काका हसत म्हणतात, "अबे, हे तर आमच्या टायमाले रोज पेपरात येत होतं."

दोघांचंही बरोबर आहे, आणि घोळ तिथेच आहे. काल्पनिक कथेचा खुनी सांगितला तर मजा जाते, हे सगळ्यांना मान्य. पण पन्नास वर्षांपूर्वी खरंच झालेल्या खुनांचा निकाल सांगणं हा स्पॉयलर झाला की इतिहास झाला? आणि सिरीजवाल्यांनी उत्कंठेसाठी त्या इतिहासात फेरफार केला, तर तो चालतो का?

मराठीत हा प्रश्न ठळकपणे पुढे आला तो 'मानवत मर्डर्स'मुळे.

मानवतमध्ये काय झालं होतं?

४ ऑक्टोबर २०२४ ला ही सिरीज सोनी लिव्हवर आली. दिग्दर्शक आशिष बेंडे. तपास अधिकारी रमाकांत कुलकर्णींच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर, सोबत मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर अशी तगडी मंडळी.

मूळ प्रकरण परभणी जिल्ह्यातल्या मानवतचं. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या साधारण चौदा महिन्यांत तिथे एकामागोमाग एक खून झाले. इंटरनेटवर या खुनांचे वेगवेगळे आकडे फिरतात, पण सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आकडा दहा आहे. मरणाऱ्यांत दहा वर्षांच्या आसपासच्या लहान मुली होत्या, बायका होत्या आणि एक तान्हं बाळही होतं. गुप्तधन सापडावं आणि मूल व्हावं यासाठी पिंपळाखालच्या मुंजाला नरबळी दिले गेले, अशी सरकारी पक्षाची मांडणी होती.

स्थानिक पोलिसांना धागा सापडेना, तेव्हा मुंबईहून रमाकांत कुलकर्णी आले. १९६८ मध्ये मुंबईत रमन राघव पकडला गेला, त्या तपासामुळे त्यांचं नाव आधीच गाजलेलं होतं. पुढे ते राज्याचे पोलीस महासंचालक झाले. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या गाजलेल्या तपासांवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि सिरीज त्या पुस्तकावर बेतली आहे.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. पुस्तक तपास अधिकाऱ्याचं आहे. म्हणजे गोष्ट पोलिसांच्या खुर्चीतून दिसते. पोलिसांच्या दृष्टीने गुन्ह्याची उकल झाली की गोष्ट संपते. न्यायालयाच्या दृष्टीने ती तिथून सुरू होते.

मानवत प्रकरणात या दोन टोकांमध्ये मोठं अंतर पडलं. खटला परभणीच्या सत्र न्यायालयातून निघून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 'दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने १९७७ मध्ये निकाल लागला आणि तो न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिला. कटाचे सूत्रधार म्हणून ज्या दोघांवर आरोप होता, ते शेवटी निर्दोष सुटले.

कारण सगळी भिस्त माफीच्या साक्षीदारांवर होती. माफीचा साक्षीदार म्हणजे गुन्ह्यात स्वतः सामील असलेला, पण माफीच्या बदल्यात बाकीच्यांविरुद्ध बोलणारा माणूस. त्याच्या शब्दाला दुसऱ्या स्वतंत्र पुराव्याचा टेकू लागतो, आणि तो टेकू प्रत्येक आरोपीच्या बाबतीत वेगळा दाखवावा लागतो, असं न्यायालयाचं म्हणणं. कबुलीजबाब नोंदवताना मॅजिस्ट्रेटनी घ्यायची काळजी घेतली गेली नव्हती, यावरही निकालात बोट ठेवलंय. आजही कायद्याचे विद्यार्थी हा निकाल वाचतात तो याच मुद्द्यांसाठी.

आता विचार करा. सिरीज बघून उठलेल्या माणसाला खुनी कोण हे पक्कं 'माहीत' असतं. पण देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या दोन मुख्य माणसांना दोषी धरलेलं नाही. ही माहिती कुणी कमेंटमध्ये टाकली, तर खाली लगेच 'स्पॉयलर देऊ नको भावा' असे रिप्लाय येऊ शकतात. म्हणजे ज्या माहितीने एखाद्याची बदनामी थोडी कमी होईल, तीच माहिती शिष्टाचार म्हणून दाबली जाते. (या लेखातही त्या दोघांची नावं मुद्दाम टाळली आहेत.)

१९७२ दाखवायचं म्हणजे नक्की काय दाखवायचं?

'पिरियड ड्रामा' म्हटलं की आपण जुनी जीप, ॲम्बेसेडर, बेलबॉटम, रेडिओ एवढं बघतो आणि खूश होतो. खऱ्या चुका मात्र भलत्याच ठिकाणी सापडतात.

पहिलं म्हणजे दुष्काळ. १९७२ हे महाराष्ट्राच्या आठवणीत दुष्काळाचं साल आहे आणि मराठवाड्याला त्याची झळ फार बसली. रेशनवरची लाल मिलो ज्वारी, दुष्काळी कामांवर मिळणारी सुकडी, खडी फोडायला गेलेली अख्खी कुटुंबं. घरची मोठी माणसं दिवसभर कामावर असतील, तर रानात किंवा विहिरीवर एकट्या जाणाऱ्या मुलींवर लक्ष कोण ठेवणार? त्या सालातल्या गावाची कोणतीही गोष्ट दुष्काळ वगळून सांगितली, तर कपडेपट कितीही अचूक असला तरी काळ चुकतो.

मग बारीकसारीक गोष्टी. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, म्हणजे मानवतचा पहिला खून व्हायच्या जेमतेम सहा आठवडे आधी. तेव्हा मराठवाड्यातल्या वाड्यात कुणी टीव्हीवर बातम्या बघत असेल, तर ती चूक. पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. त्याआधीच्या पत्रावर सहा आकडी पिन दिसला, तर तीही चूक. गाडीच्या पाटीवर 'एमएच' आणि पुढे आरटीओचा आकडा ही पद्धत १९८९ च्या सुमाराची. रुपयाचं आजचं चिन्ह २०१० चं. डीएनए चाचणीचा शोधच १९८४ मध्ये इंग्लंडमध्ये लागला, त्यामुळे त्या काळच्या पोलिसांच्या हाती रक्तगट, बोटांचे ठसे, पंचनामा आणि माणसांना बोलतं करण्याची हातोटी एवढंच होतं.

कलमांचंही तसंच. १ जुलै २०२४ पासून खुनासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागतं. १९७२ च्या गोष्टीत मात्र ३०२ च हवं. आणि त्या गोष्टीतला वकील १८९८ ची जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता धरून बोलायला हवा, कारण नवी संहिता १ एप्रिल १९७४ ला लागू झाली. आरोपी दोषी ठरल्यावर शिक्षा किती द्यायची याबद्दल त्याचं वेगळं म्हणणं ऐकायचं, ही तरतूद त्या नव्या संहितेत आली. मानवतच्या निकालात याच तरतुदीवर चर्चा आहे. म्हणजे हे प्रकरण बरोबर दोन कायद्यांच्या सांध्यावर उभं आहे. एखाद्या लेखकाला यातून एक अख्खा एपिसोड काढता येईल, पण कोर्टरूम ड्रामा म्हटलं की आपल्याकडे टेबलावर हात आपटण्यापलीकडे फारसं जात नाहीत.

अशा चुका पकडणं हा आता सोशल मीडियावरचा खेळच झालाय. खेळ छान आहे. फक्त चुकीची पाटी आणि चुकीचा निकाल या दोन चुका एका तराजूत तोलता येत नाहीत.

नानावटी: शेवटच बदलला तर?

२७ एप्रिल १९५९ ला नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी मुंबईत प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं. पण न्यायाधीशांना हा कौल पटला नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे नानावटी दोषी ठरले, जन्मठेप झाली, १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम ठेवली. पुढे राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली आणि १९६४ मध्ये ते सुटले.

२०१६ च्या 'रुस्तम'मध्ये नायकाचं नाव बदललं, देशभक्तीचं आणि संरक्षण घोटाळ्याचं उपकथानक जोडलं आणि ज्यूरीने निर्दोष ठरवल्यावर टाळ्या वाजवायची सोय केली. मधली दोन न्यायालयं गायब. २०१९ मध्ये वेब सिरीज आली, 'द व्हर्डिक्ट'. तिने खरी नावं ठेवली आणि भर खटल्यावर दिला. एकाच घटनेवरची ही दोन कामं लागोपाठ बघितली, तर 'सत्य घटनेवर आधारित' या तीन शब्दांत किती काही बसू शकतं ते कळतं. आणि हो, ही देशातली शेवटची ज्यूरी ट्रायल होती असं जे फॉरवर्ड फिरतं, तेही खरं नाही. त्यानंतरही काही ठिकाणी ज्यूरीसमोर खटले चालले.

मराठीतला एक जुना नमुना इथे आठवतो. जोशी-अभ्यंकर हत्याकांडावर बेतलेला १९८६ चा नाना पाटेकरांचा सिनेमा. त्याचं नावच 'माफीचा साक्षीदार'. टोळीतला एक जण फुटणार हे पोस्टरवरच सांगून टाकलं होतं, आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

नागपूरचं प्रकरण: इथे नाव बदलणं भाग आहे

नागपूर जिल्ह्यातल्या प्रेक्षकाला मानवतपेक्षा जवळचं प्रकरण म्हणजे अक्कू यादव. १३ ऑगस्ट २००४ ला नागपूरच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जमावाने त्याला ठार केलं. कस्तुरबा नगरच्या वस्तीत त्याने वर्षानुवर्षं दहशत माजवली होती, खून आणि बलात्काराचे आरोप होते, आणि पोलीस ऐकत नाहीत ही वस्तीतल्या बायकांची तक्रार होती. यावर २०२१ मध्ये झी फाइव्हवर '२०० हल्ला हो' हा सिनेमा आला आणि २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर उमेश कुलकर्णींची तीन भागांची माहितीपट मालिका.

शेवट काय झाला, हे नागपुरात सगळ्यांना ठाऊक आहे. २०१४ मध्ये न्यायालयाने सगळ्या आरोपींना पुराव्याअभावी सोडलं. म्हणजे कायद्याच्या लेखी हा खून कुणी केला, ते सिद्ध झालेलं नाही. इथे 'खुनी कोण' हा स्पॉयलर देताच येत नाही.

या प्रकरणात अचूकतेचा नियम उलटा फिरतो. लैंगिक अत्याचार सोसलेल्या बाईचं नाव किंवा ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. १९८३ पासून भारतीय दंड संहितेत कलम २२८-अ होतं, आता न्याय संहितेत ७२ आहे. त्यामुळे इथे नाव, घर, गल्ली बदलणं ही चूक नसून जबाबदारी आहे. 'खरी बाई कोण' हे शोधून पोस्ट करणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

(२००४ सुद्धा आता 'पिरियड' झालंय, हा एक धक्काच. गर्दीत कुणाच्या हातात स्मार्टफोन नव्हता, म्हणून त्या दिवसाची व्हिडिओ क्लिप नाही. आज असती.)

कायदा काय म्हणतो?

सिरीज ऐतिहासिकदृष्ट्या अचूकच हवी, असा कायदा नाही. ओटीटीसाठीच्या २०२१ च्या नियमांत वयोगटाचं रेटिंग आणि मजकुराचा इशारा सक्तीचा आहे, अचूकता नाही.

महत्त्वाचा निकाल १९९४ चा. तामिळनाडूतल्या ऑटो शंकर या फाशीच्या कैद्याचं आत्मचरित्र छापण्यावरून 'राजगोपाल' खटला झाला. न्यायालयाच्या कागदपत्रांसारख्या सार्वजनिक नोंदींमध्ये जे आहे ते परवानगीशिवाय छापता येतं, पण त्यापलीकडे जाऊन एखाद्याचं खासगी आयुष्य मांडलं तर जबाबदारी तुमची, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. लैंगिक अत्याचाराच्या पीडितांना तिथेही वगळलं. मृत व्यक्तीबद्दलही बदनामीचा गुन्हा होऊ शकतो, कुटुंबाच्या भावना दुखावण्याचा हेतू असेल तर.

खटला चालू असेल तर गोष्ट आणखी वेगळी. १९९३ च्या बॉम्बस्फोटांवरचा 'ब्लॅक फ्रायडे' २००४ मध्ये तयार होता. आरोपींच्या खटल्यावर परिणाम होईल म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने तो थांबवला. तो लोकांना थिएटरात दिसला फेब्रुवारी २००७ मध्ये.

आणि मजेचं काय?

२०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी वाचकांना १२ लघुकथा दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून. शेवट माहीत असलेल्यांना कथा जास्त आवडल्या. २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांना उलट निष्कर्ष मिळाला. म्हणजे विज्ञान अजून मित्रांचं भांडण मिटवू शकलेलं नाही. पण हर्षद मेहताचं काय झालं हे जगाला माहीत असूनही 'स्कॅम १९९२' लोकांनी रात्र जागून बघितली, हेही खरं.

सध्या बऱ्याच ग्रुपवर एक साधी पद्धत रुळतेय. लेखकाने रचलेलं पात्र, त्याने जोडलेला धक्का, एखाद्या एपिसोडचा शेवट यावर बोलायचं तर आधी इशारा द्यायचा. निकालपत्रात आणि जुन्या पेपरांत जे आहे, त्यावर खुशाल बोलायचं. अनुराग कश्यपने 'रमन राघव २.०'च्या सुरुवातीलाच पाटी टाकली होती की हा सिनेमा त्या खऱ्या रमन राघवबद्दल नाही. एवढी स्वच्छ पाटी फार कमी ठिकाणी दिसते.

मानवतचा निकाल कुणालाही ऑनलाइन फुकट वाचता येतो. 'दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९७७' एवढं शोधलं तरी सापडतो. इंग्रजी आहे, लांबलचक आहे. सिरीज संपवून वाचला तरी चालेल.