बरोबरीत सुटलेले सामने

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला बरोबरीचा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही. खासबागेत दोन तोलामोलाचे मल्ल बराच वेळ झुंजतात, डाव टाकतात, प्रतिडाव होतात, आणि अखेर पंच दोघांचे हात वर करून कुस्ती बरोबरीत सोडवतात. तरुण पोरे 'निकाल पाहिजे' म्हणून ओरडतात. जाणकार मात्र खुशीत घरी जातात, कारण कोण कुठे चुकला आणि कोणी स्वतःला कसे राखले, हे त्यांनी पाहिलेले असते.

क्रिकेटमधल्या अशाच एका बरोबरीची गोष्ट आम्ही लहानपणापासून मोहल्ल्यातल्या बुजुर्गांकडून ऐकत आलो. डिसेंबर १९६०. मुंबईचे ब्रेबॉर्न स्टेडियम. भारत आणि पाकिस्तान. रेडिओ तेव्हा घरोघरी नव्हता. ज्याच्याकडे असे, त्याच्या दारात चपलांचा ढीग पडे. समालोचन इंग्रजीत. समजणारा एक आणि ऐकणारे वीस. तो एकजण जे सांगेल ते खरे.

सामना ऐकण्यासारखाच होता. पाकिस्तानच्या हनीफ महंमदने १६० आणि सईद अहमदने १२१ धावा केल्या. दोघांची भागीदारी २४६ धावांची. तरीही पाकिस्तानचा डाव ३५० वर आटोपला. उत्तरात भारताचे ८ गडी ३०० धावांत बाद झाले. मग आपल्या महाराष्ट्राचे यष्टिरक्षक नाना जोशी आणि गोलंदाज रमाकांत देसाई यांनी नवव्या गड्यासाठी १४९ धावा जोडल्या. लहान चणीच्या रमाकांतने ८५ धावा केल्या. भारताने ९ बाद ४४९ वर डाव सोडला. पाकिस्तानच्या दुसऱ्या डावात ४ बाद १६६ झाल्या आणि पाच दिवसांचा खेळ संपला. निकाल नाही.

"बराबर छूटे, बहुत अच्छा हुआ," असे आमचे एक वयोवृद्ध चाचा ही हकिगत संपवताना म्हणत. लहानपणी आम्हाला वाटे, चाचांना क्रिकेट कळत नाही. सामना न जिंकण्यात चांगले काय? पुढे कळू लागले. भारत जिंकला तर आमच्या पेढ्याकडे कोणी पाहत नसे, आणि हरला तर आमच्या तोंडाकडे सगळे पाहत. बरोबरी झाली की त्या संध्याकाळी चहाच्या गाड्यावर निर्धास्त उभे राहता येई. चाचांची खुशी खेळाची नव्हती, सुटकेची होती.

पण इतिहास नीट वाचला तर ही सुटकाही खरी नव्हती, असे दिसते. त्या मालिकेतले पाचही सामने अनिर्णित राहिले. १९५२ च्या पहिल्या मालिकेत भारत २-१ ने जिंकला होता; तिचा शेवटचा कलकत्त्याचा सामना अनिर्णित होता. १९५४-५५ मध्ये पाकिस्तानात पाचच्या पाच अनिर्णित, १९६०-६१ मध्ये भारतात पुन्हा पाचच्या पाच. कानपूरला बापू नाडकर्णींनी ३२ षटके टाकली, त्यांतली २४ निर्धाव, धावा फक्त २३. त्याच सामन्यात जयसिंहा तब्बल ५०० मिनिटे खेळून ९९ वर धावबाद झाले. दिल्लीच्या अखेरच्या कसोटीत भारताला जिंकायला ७४ धावा हव्या होत्या, पण १६ झाल्या तोवर वेळ संपला. दोन्ही बाजूंना जिंकण्याच्या आशेपेक्षा हरण्याची धास्ती मोठी होती. फाळणीला जेमतेम तेरा वर्षे झालेली. पाकिस्तानचे कर्णधार फजल महमूद १९४७ मध्ये भारताच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी निवडले गेले होते. हनीफचा जन्म जुनागडचा. म्हणजे हे भांडण परक्यांचे नव्हते, वाटणी झालेल्या घरातले होते. आणि अशा घरात हार फार बोचते.

या धास्तीची किंमत एका माणसाने मोजली. त्यांचे नाव अब्बास अली बेग. हैदराबादचे हे फलंदाज १९५९ मध्ये मँचेस्टरला पहिल्याच कसोटीत ११२ धावा करून गाजले. जानेवारी १९६० मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध याच ब्रेबॉर्नवर त्यांनी ५० आणि ५८ धावा केल्या. तो सामनाही अनिर्णितच राहिला होता. पण एका तरुणीने मैदानात धावत येऊन भर गर्दीत त्यांच्या गालाचे चुंबन घेतले आणि देशभर त्याची चर्चा झाली. पुढे अकरा महिन्यांत सगळे पालटले. पाकिस्तानविरुद्ध त्यांचे चार डाव असे : १, १३, १९ आणि १. लगेच पत्रे येऊ लागली. मुसलमान आहे म्हणून मुद्दाम बाद होतो, असा आरोप झाला. उरलेल्या दोन कसोट्यांत ते संघात नव्हते. पुन्हा कसोटी खेळायला त्यांना १९६६ उजाडले.

इथे आमच्या चाचांचे गणित चुकते. भारत एकही सामना हरला नव्हता. तरी गुन्हेगार शोधला गेला. बरोबरीने शंका मिटत नाही. उलट, 'जिंकता आले असते' या हळहळीला कोणाचे तरी नाव हवे असते. आणि गंमत बघा, त्या संघात सोलापुरात जन्मलेले पारशी पॉली उम्रीगर होते, पुण्याचे ख्रिस्ती चंदू बोर्डे होते, कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर पारशी होते. त्यांच्या धावांचा हिशेब धावांतच झाला. एकाच्या धावांचा हिशेब धर्मात झाला.

मात्र दोष नेहमी दुसऱ्याच्याच पदरात टाकून आम्ही मोकळे होणार नाही. आमच्यातलेही काही, हनीफच्या १६० धावा आपल्याच असल्यासारखे मिशीला पीळ देत. चांगल्या खेळाला दाद द्यावी. पण दाद आणि हट्ट यांतला फरक त्यांनाही नेहमी ओळखता आला नाही.

पुढे युद्धे झाली, सतरा वर्षे दोन्ही देश कसोटी खेळले नाहीत. १९७८ मध्ये फैसलाबादला पुन्हा भेटले, आणि तोही सामना अनिर्णित! आमच्या पिढीने पाहिलेली शेवटची कसोटी बंगळूरची, डिसेंबर २००७ ची. गांगुलीच्या २३९, युवराजच्या १६९ आणि मशिदीच्या आवारात वाढलेल्या इरफान पठाणच्या १०२. अखेरच्या संध्याकाळी अंधुक उजेडात कुंबळे वेगाने चेंडू टाकत होता, पाकिस्तान ७ बाद १६२, आणि खेळ थांबला. त्यानंतर दोन्ही देशांत एकही कसोटी झालेली नाही. म्हणजे शेवटचा शब्द बरोबरीचाच राहिला.

आमच्या वर्गातल्या मुलांचा जन्म त्यानंतरचा. पाच दिवस खेळून निकाल नाही, हे त्यांना पटत नाही. एकदा आम्ही फळ्यावर १, १३, १९, १ एवढेच लिहिले. नाव, देश काही सांगितले नाही. विचारले, "या खेळाडूबद्दल काय सांगाल?" एका मुलाने बेरीज केली, चारने भागले आणि म्हणाला, "साडेआठची सरासरी. फॉर्म गेला असेल सर. अजून दोन मॅच द्यायला पाहिजेत."

आम्ही नाव नंतर सांगितले.