ताम्रपक्ष्याची सही

कॅनडातील सुपीरियर सरोवराच्या उत्तरेस निपिगॉन सरोवर आहे. त्या परिसरातील ओजिब्वे या आदिवासी जमातीत, १९३०च्या दशकाच्या आरंभी चित्रकार नॉर्व्हाल मॉरिसो यांचा जन्म झाला. ते आजोळी वाढले. आजोबा जमातीचे भगत, आजी श्रद्धाळू कॅथलिक. आजोबांनी नातवाला मेघगर्जना करणाऱ्या पक्ष्याच्या व जलदैवतांच्या कथा सांगितल्या. आजीने त्याला ख्रिस्ताची ओळख करून दिली. एकाच घरात हे दोन्ही वारसे नांदत होते.

सहाव्या वर्षी मात्र त्यांना फोर्ट विल्यम येथील सेंट जोसेफ या कॅथलिक निवासी शाळेत धाडण्यात आले. आदिवासी मुलांना त्यांच्या भाषेपासून व संस्कारांपासून तोडणे हेच अशा शाळांमागील सरकारी धोरण होते. सुमारे दीड लाख मुले त्यांतून गेली आणि निम्म्याहून अधिक शाळा आपल्याच कॅथलिक संस्था चालवीत होत्या. हे वाक्य लिहिताना आमची लेखणी अडखळते. परंतु इतिहास लिहू पाहणाऱ्याने ते गाळू नये.

मॉरिसो लहानपणीच शाळा सोडून आजोबांकडे परतले. एकोणिसाव्या वर्षी ते मरणप्राय आजारी पडले, तेव्हा जमातीच्या एका वैदू स्त्रीने त्यांना ‘ताम्र गर्जनापक्षी’ हे नवे नाव दिले. पुढे याच नावाची सही ते क्री लिपीत आपल्या चित्रांवर करू लागले.

चित्रकलेचे शिक्षण त्यांनी कोठेही घेतले नव्हते. जमातीच्या भूर्जपत्रांवर कोरलेल्या पवित्र आकृती हीच त्यांची पाठशाळा. त्या आकृती परक्यांना दाखवू नयेत, असा वडीलधाऱ्यांचा दंडक होता. मॉरिसो यांनी तो मोडला आणि स्वकीयांचा रोष ओढवून घेतला. कथा विस्मरणात जाण्यापेक्षा रंगांत उतरलेल्या बऱ्या, अशी त्यांची धारणा होती. ठळक काळ्या रेषा, त्यांत शुद्ध रंग आणि प्राण्याच्या देहात दिसणारे अंतरंग: ही शैली पुढे ‘वुडलँड’ नावाने प्रसिद्धीस आली. १९६२ साली टोरांटोच्या पोलॉक कलादालनात त्यांचे पहिले प्रदर्शन भरले आणि सर्व चित्रे विकली गेली.

त्यांच्या काळ्या रेषांत चर्चच्या रंगीत काचांची आठवण अनेकांना होते. ख्रिस्ताला त्यांनी आदिवासी रूपात रंगविले. आजीचा वारसा त्यांनी टाकला नाही. त्याला आजोबांच्या अंगणात बसविले. मद्यपान आणि तुरुंगवास यांनी त्यांचे जीवन वारंवार उद्ध्वस्त झाले, तरी कुंचला सुटला नाही. २००६ साली कॅनडाच्या राष्ट्रीय कलादालनाने त्यांचे समग्र प्रदर्शन भरविले. फर्स्ट नेशन्स समाजातील चित्रकाराला हा मान प्रथमच लाभत होता. २००७ च्या डिसेंबरात ते निवर्तले. त्यानंतर २०२२ च्या जुलैत पोप फ्रान्सिस यांनी कॅनडात जाऊन आदिवासींची क्षमा मागितली.

ही कथा आम्हांला परकी वाटत नाही. १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ गोव्यात छापले गेले. ख्रिस्तकथा आपल्या ओवीत अवतरली. त्याच गोव्यात १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांच्या मायबोलीवर बंदी घातली. हे दोन्ही आपल्याच इतिहासाचे अंश आहेत. आपल्या आजीची गाणी, तिची बोली आज आपल्या घरांतून निघून चालली आहे. आता तर तिला कोणी बंदी केलेली नाही. मग तिला निरोप कोण देत आहे?