दाढीचा कलप आणि पाकिटावरच्या दोन ओळी

गेल्या डिसेंबरात मामेभावाचं लग्न होतं. दोन दिवस आधी प्रताप नगर चौकाजवळच्या एका सलूनमध्ये जाऊन दाढीला कलप लावून घेतला. (हो, घेतला. हसा. पस्तिशी ओलांडली की हनुवटीवर पांढरा पट्टा येतो आणि लग्नातले फोटो जन्मभर पाहुण्यांना दाखवले जातात.) याआधी तीनदा लावला होता, काही झालं नव्हतं. तरी आपलं विचारलं, "चेहऱ्याला काही होणार नाही ना?" "काहून टेन्शन घेऊन राहिले भाऊ? दहा मिनिटांत मोकळे!"

दहा मिनिटांत मोकळा झालो खरा. लग्नाच्या दिवशी सकाळी मात्र गाल, ओठ, गळा सगळं सुजलेलं, आणि दाढीखालून पाणी येत होतं. अल्बममध्ये मी बहुतेक ठिकाणी पाठमोरा आहे. डॉक्टरीणबाईंनी एकच प्रश्न विचारला: "कलप?" मग म्हणाल्या, ही पीपीडीची ॲलर्जी, आता आयुष्यभर तुमच्यासोबत राहणार.

आमच्या धंद्यात सिस्टीम कोसळल्यावर सगळे लॉग वाचायला बसतात. मीही तसंच केलं. किराणा दुकानातून त्याच कलपाचं पाकीट आणलं (वापरायला नाही!) आणि मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोठं करून मागची बारीक अक्षरं वाचली. या उत्पादनातल्या घटकांमुळे काही जणांच्या त्वचेला त्रास होऊ शकतो, म्हणून आधी चाचणी घ्या. पापण्या आणि भुवयांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं. अंधत्व! तेल-साबणाच्या रांगेत लटकणाऱ्या पाकिटावर एवढा मोठा शब्द आला कुठून? त्या एका प्रश्नात माझे दोन वीकेंड गेले.

केस काळे करायची हौस जुनी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गंधयुक्तीवर एक प्रकरण आहे. त्याची सुरुवातच अशी, की केस पांढरे असतील तर माळा, अत्तरं, कपडे, दागिने काही शोभत नाही. पुढे कृती दिली आहे. कोद्र्याचे दाणे लोखंडी भांड्यात लोहचूर्णासोबत आंबट द्रवात शिजवायचे, वाटून डोक्याला लावायचे आणि वरून ओली पानं बांधायची. दोन प्रहरांनी धुऊन आवळ्याचा लेप लावायचा, पुन्हा दोन प्रहर. म्हणजे एकूण बारा तास! शेवटी लोखंडाचा आणि आंबट वास घालवायला सुगंधी तेल, हेही तो विसरत नाही. म्हणजे माणसाने बहुधा स्वतः लावून बघितलं असावं.

यातली गंमत रसायनाची आहे. लोखंडाचा क्षार आणि आवळ्यातलं टॅनिन एकत्र आलं की काळा रंग तयार होतो. जुन्या पद्धतीची लिहायची काळी शाईसुद्धा लोखंड आणि टॅनिन यांचीच. आमची आई लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात मेंदी रात्रभर भिजवते, ती त्याच घराण्यातली. दुसरी परंपरा मेंदी आणि निळीची. आधी मेंदी, तिचा लाल रंग चढला की वरून निळीच्या पानांचा लेप. फारसीत याला वस्मा म्हणतात. नुसती मेंदी लावलेल्या केशरी दाढ्या मोमिनपुऱ्यात आजही दिसतात. या सगळ्या पद्धतींत वेळ भरपूर जातो. दहा मिनिटांत काळा रंग देणारं झाडपाल्यात काहीच नाही.

ते आलं डांबरातून. दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या पदार्थांशी खेळता खेळता 1856 साली विल्यम पर्किनला जांभळा रंग सापडला आणि युरोपभर रंगांच्या प्रयोगशाळा निघाल्या. पर्किनचे गुरु हॉफमान यांनी 1863 मध्ये पॅरा-फेनिलीनडायअमीनची, म्हणजे आपल्या पीपीडीची, नोंद केली. 1883 मध्ये फ्रान्सच्या मोने कंपनीने केसांच्या रंगासाठी त्याचं पेटंट घेतलं. हा रेणू इतका लहान, की केसाच्या आत शिरतो. आत हायड्रोजन पेरॉक्साईडशी गाठ पडली की फुगून मोठा काळा रेणू होतो आणि बाहेर निघू शकत नाही. इंजिनियर म्हणून मला हे फार देखणं वाटतं. पण तोच लहान रेणू त्वचेतही शिरतो. 1909 साली युजीन श्युलेरने काढलेल्या कंपनीचं नाव होतं 'केसांसाठी निरुपद्रवी रंगांची फ्रेंच कंपनी'. पुढे तिचंच लॉरियाल झालं. रंग निरुपद्रवी आहे हे नावातच सांगावं लागलं, यावरून तेव्हाचे कलप कसे असतील ते समजा.

आता ते अंधत्व. 1933 च्या सुमारास अमेरिकेत 'लॅश लूर' नावाचा पापण्या-भुवयांचा रंग विकला जात होता. त्यात पीपीडीसारखंच डांबरी रसायन होतं. त्याने बायकांचे डोळे गेले, एकीचा जीवही गेला. आणि सरकारला काहीच करता येईना, कारण 1906 च्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनं नव्हतीच! अधिकाऱ्यांनी आधीचे आणि नंतरचे फोटो लावून प्रदर्शन भरवलं, पत्रकारांनी त्याला भयदालन असं नाव दिलं. 1938 मध्ये नवा कायदा आला. पण केसांच्या डांबरी रंगांना त्यात पळवाट मिळाली: पाकिटावर इशारा आणि चाचणीची सूचना छापा, मग खुशाल विका. आपल्याकडे 1962 च्या दुरुस्तीने औषधांच्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनं आली आणि नियमांत जवळपास तोच मजकूर आला, इंग्रजीत आणि स्थानिक भाषेतही छापायच्या सक्तीसह. म्हणजे माझ्या हातातल्या पाकिटावरच्या त्या दोन ओळी अमेरिकेतल्या त्या बायकांच्या डोळ्यांनी लिहिलेल्या.

दाढीचा उल्लेख मात्र कुठे नाही. खरं तर दाढीचा धोका डोक्यापेक्षा जास्त असावा असं माझं मत. चेहऱ्याची त्वचा नाजूक, त्यात वस्तऱ्याचे बारीक काप, आणि दाढी महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढते, म्हणजे पंधरा दिवसांत मुळं पांढरी आणि पुन्हा कलप. ॲलर्जी पहिल्याच वेळी येते असं नाही, शरीर आधी ओळख करून घेतं. माझी चौथी वेळ होती. म्हणून चाचणी दर वेळी घ्यायची: थोडासा कलप कानामागे, चोवीस तास, शक्यतो अठ्ठेचाळीस. नुकतीच कोरलेली दाढी असेल तर थांबायचं, कडांना व्हॅसलीन, वेळ पाकिटावर लिहिली तेवढीच, आणि नंतर खोबरेल. 'काळी मेंदी' नावाने फसू नका. खरी मेंदी काळी नसते आणि अर्ध्या तासात रंगतही नाही. काळा रंग झटपट आला की आत बहुतेक पीपीडीच असतं.

ज्यांना दाढी सोनेरी करायची आहे त्यांच्यासाठी ब्लीच आहे. पीपीडी नाही, पण पेरॉक्साईड आणि अमोनिया केसाला आतून पोखरतात, दाढी झाडूसारखी होते. 6 टक्क्यांच्या वर जाऊ नका एवढंच सांगतो. गंमत म्हणजे 2009 मध्ये ब्रॅडफर्ड आणि माइन्झच्या संशोधकांनी दाखवलं, की पांढऱ्या केसाच्या मुळाशी शरीरानेच बनवलेलं पेरॉक्साईड साचलेलं असतं. म्हणजे माझी हनुवटी स्वतःच ब्लीच करत होती, आणि मी पैसे देऊन ते उलटं करायला गेलो. :)

परवा त्याच सलूनमध्ये केस कापायला गेलो होतो. पाकीट सोबत नेलं आणि मागच्या ओळी वाचून दाखवल्या. भाऊंनी कात्री थांबवून पूर्ण ऐकलं. "हे तर आपण फाडूनच फेकतो ना," म्हणाले. मग माझ्या हनुवटीकडे बघून: "मग आता हे पांढरं ठेवून राहिले का?"

ठेवून राहिलो.