आकाशातून पडणारी पेटी आणि कणभौतिकीचा तास

पॅराशूटला बांधलेली पेटी शेतात पडलेली दिसली तर उघडू नका, पोलिसांना कळवा. असं आवाहन मराठवाड्यातल्या जिल्ह्यांसाठी निघत आलंय आणि त्या यादीत उस्मानाबादचं, म्हणजे आताच्या धाराशिवचंही नाव आलेलं आहे. ही पेटी असते कुणाची? आणि बीएस्सीच्या वर्गाशी तिचा काय संबंध?

फुगे कोण सोडतं?
मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं (टीआयएफआर) बलून केंद्र हैदराबादला आहे. पॉलिथिनचे, हायड्रोजन भरलेले हे फुगे ३० ते ४२ किलोमीटर उंच जातात. प्रयोग संपला की उपकरणं पॅराशूटने उतरतात. कुठे, ते वारा ठरवतो.

इतक्या उंचावर कशासाठी?
ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण हवेतच शोषले जातात, जमिनीवर पोहोचत नाहीत. १९१२ साली व्हिक्टर हेस फुग्यात बसून वर गेले आणि अवकाशातून येणारे वैश्विक किरण सापडले. पॉझिट्रॉन आणि म्युऑन हे कणही पुढे याच किरणांमध्ये मिळाले. म्हणजे कणभौतिकी आणि खगोलभौतिकी हे दोन विषय एकाच आकाशातून सुरू झाले.

मग वर्गात काय शिकवता येईल?
मोठं यंत्र नसलं तरी म्युऑन आहेतच. आपल्या नखाएवढ्या जागेतून दर मिनिटाला साधारण एक जातो. तो सुमारे १५ किलोमीटर उंचीवर तयार होतो आणि सरासरी २.२ मायक्रोसेकंद टिकतो. प्रकाशाच्या वेगाने धावला तरी एवढ्या वेळात ६६० मीटरच कापेल. तरीही तो जमिनीवर पोहोचतो, कारण वेगवान कणाचा काळ आपल्या घड्याळाच्या तुलनेत संथ चालतो. आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद फळ्यावरच्या तीन आकड्यांत समजतो.

हे डोळ्यांनीही बघता येतं. काचेची पेटी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, ड्राय आइस आणि टॉर्च एवढ्यावर 'क्लाउड चेंबर' बनतं. त्यात कणांच्या वाटेवर धुक्याच्या रेघा उमटतात. मात्र ड्राय आइसला उघडा हात लावायचा नाही, खोली हवेशीर हवी आणि शिक्षक सोबत हवेत.

पुढे कुठे?
पुण्यातली 'आयुका' १९८८ साली सुरू झाली. डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक. विद्यापीठं आणि कॉलेजांमधल्या शिक्षकांना, विद्यार्थ्यांना खगोलशास्त्रात मदत करणं हाच तिचा हेतू. त्यामुळे 'आमच्या कॉलेजात दुर्बीण नाही' म्हणून हा विषय सोडून देऊ नका. आधी आपल्या सरांना किंवा मॅडमना विचारा, मग आयुकाच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवा.