शिस्त, शपथ आणि संशय : १९४६ चे नाविकांचे बंड व कोलशेतचा 'अकबर' तळ

उल्हास खाडीच्या आरमारी इतिहासाचा आरंभ आपण सामान्यतः १६५७ पासून धरतो. त्या वर्षी कल्याण-भिवंडीचा मुलूख शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला आणि मराठी आरमाराची पहिली उभारणी या खाडीच्या आश्रयाने झाली. याच खाडीच्या काठी, ठाण्याजवळील कोलशेत येथे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रॉयल इंडियन नेव्हीचा 'अकबर' नावाचा प्रशिक्षण-तळ होता, आणि फेब्रुवारी १९४६ च्या बंडात तेथील नाविकही सामील झाले होते. ठाण्याच्या स्थानिक इतिहासात या गोष्टीचा उल्लेख क्वचितच होतो. प्रस्तुत निबंधाचा हेतू केवळ ही उणीव भरून काढण्याचा नाही. आज्ञापालनाचे संस्कार ज्याच्या मनावर पद्धतशीरपणे केले गेले, असा तरुण सैनिक त्या संस्कारांविषयीच प्रश्न विचारू लागतो, तो कशामुळे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

या बंडाची दोन स्पष्टीकरणे रूढ आहेत. न्या. फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी चौकशी आयोगासमोर निकृष्ट अन्न, अपुरा पगार, भरतीच्या वेळी दिलेली व न पाळलेली आश्वासने, वरिष्ठांची उद्दाम वागणूक आणि वर्णभेद अशी कारणांची मोठी मालिका आली. दुसरे मत असे की, हे मुळातच राजकीय बंड होते आणि अन्नाची तक्रार हे निमित्त होते. दोन्ही मतांना पुराव्याचा आधार आहे. परंतु नाविकाच्या मनात कोणते परिवर्तन घडले, हे त्यांपैकी एकही सांगत नाही.

हे परिवर्तन समजून घेण्यासाठी प्रथम त्याचे शिक्षण पाहिले पाहिजे. युद्धारंभी या नौदलाचे संख्याबळ दोन हजारांच्या आत होते. युद्धाच्या अखेरीस ते पंचवीस हजारांच्या आसपास गेले. पूर्वी भरतीचा भर कोकण व पंजाब यांवर असे. आता बंगाल, मद्रास आदी प्रांतांतूनही लिहितावाचता येणारी तरुण मुले घेतली गेली. राजनिष्ठेची शपथ, कवायत, गणवेश आणि शिक्षेचे भय यांच्या योगे त्यांना एका साच्यात घालण्याचा प्रयत्न झाला. हे युद्ध स्वातंत्र्यासाठी व हुकूमशाहीच्या विरुद्ध आहे, असेही त्यांना सांगितले जाई. परंतु ज्या शिक्षणाने आज्ञापालन शिकविले, त्याच शिक्षणाने बिनतारी संदेश वाचण्याची व पाठविण्याची विद्याही दिली. निरनिराळ्या प्रांतांची आणि धर्मांची मुले एकाच बराकीत राहू लागली. स्वातंत्र्याचे जे माप त्यांच्या हाती दिले गेले, ते त्यांनी स्वतःच्या देशाला लावून पाहिले, यात नवल नाही.

नोव्हेंबर १९४५ मध्ये लाल किल्ल्यात आझाद हिंद फौजेच्या अधिकाऱ्यांवरील खटला सुरू झाला आणि शपथेचा प्रश्न उघडपणे चर्चेत आला. मोडलेली शपथ हा द्रोह की देशसेवा? मुंबईच्या 'तलवार' या संदेशवहन-विद्यालयात १ डिसेंबर १९४५ रोजी, नौदल-दिनी, सरकारविरोधी घोषणा रंगविलेल्या आढळल्या. फेब्रुवारीच्या आरंभी बी. सी. दत्त या नाविकाला घोषणा लिहिल्याच्या आरोपावरून अटक झाली. कमांडर किंग यांच्या अपमानकारक भाषेने असंतोष वाढला, आणि १८ फेब्रुवारी १९४६ रोजी 'तलवार'वरील नाविकांनी सकाळचे अन्न नाकारून संप पुकारला. तो लवकरच बंदरातील जहाजांवर व किनाऱ्यावरील इतर तळांवर पसरला. कोलशेतचा 'अकबर' त्यांपैकी एक होय. संप-समितीचे अध्यक्षपद एम. एस. खान यांच्याकडे व उपाध्यक्षपद मदन सिंग यांच्याकडे आले.

'अकबर'चा सहभाग विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. 'तलवार' शहरात, वृत्तपत्रे व राजकीय कार्यकर्ते यांच्या सान्निध्यात होती. कोलशेत त्या काळी ठाण्याबाहेरचे खाडीकाठचे गाव होते. संशयाचे बीज केवळ शहरी प्रचाराने पेरले गेले असते, तर ते तेथे इतक्या सहज रुजते ना. ते रुजले, याचा अर्थ जमीन आधीच तयार होती.

मागण्यांची यादी हा या संदर्भातील सर्वांत बोलका पुरावा आहे. तीत चांगल्या अन्नाबरोबर आझाद हिंद फौजेच्या व इतर राजबंद्यांची मुक्तता आणि इंडोनेशियातून भारतीय सैन्य परत बोलाविणे या मागण्या होत्या. केवळ भुकेने पिडलेला नाविक इंडोनेशियाचा विचार करीत नाही. आणि केवळ राजकारणाने प्रेरित झालेला नाविक डाळ-भाताचा दर्जा मागण्यांत घालीत नाही. दोन्ही मागण्यांच्या मुळाशी एकच प्रश्न होता : आपल्याला कोण, कोणासाठी आणि कोणत्या अधिकाराने वापरीत आहे?

या प्रश्नाला नेतृत्वाकडून मिळालेले उत्तर सर्वांना परिचित आहे. २२ फेब्रुवारीला मुंबईत कामगारांनी हरताळ पाळला. त्या दिवसांतील गोळीबारात दोनशेहून अधिक नागरिक मृत्यू पावले, त्यांत परळच्या कमल दोंदे होत्या. सरदार पटेलांच्या सल्ल्यानुसार नाविकांनी २३ तारखेला शरणागती पत्करली. स्वतंत्र भारतालाही सैन्य लागणार, म्हणून सैन्याच्या शिस्तीशी खेळ करता कामा नये, ही पटेलांची भूमिका होती. अरुणा असफअलींना ती मान्य नव्हती. पटेलांचा युक्तिवाद उथळ म्हणता येणार नाही. परंतु त्याची किंमत ज्यांनी मोजली, त्या नाविकांपैकी अनेकांना तुरुंगवास व बडतर्फी पत्करावी लागली.

म्हणून या तरुणांना केवळ भुकेलेले म्हणणे हा अन्याय होईल, आणि पूर्ण तयारीचे क्रांतिकारक म्हणणे ही अतिशयोक्ती होईल. पुढची योजना त्यांच्याजवळ नव्हती. शपथ मोडण्यापूर्वी ती कोणाला वाहिली, हे त्यांनी विचारले, एवढेच निश्चितपणे म्हणता येते. शिस्तीवाचून सैन्य टिकत नाही हे खरे. पण जी शिस्त हा प्रश्न सहन करू शकत नाही, ती किती काळ टिकते, याचे उत्तर त्या फेब्रुवारीतील सहा दिवसांत शोधावे लागते. ठाण्याच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने खाडीकाठच्या मराठी आरमाराइतकेच लक्ष कोलशेतच्या त्या बराकींकडेही द्यावे, असे वाटते.